काचेच्या कपाटातल्या पहिल्या आवृत्त्या

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, लहान मुलांच्या पुस्तकांचा नाद होता. आम्हा मुलींचा हात मात्र त्या पुस्तकांना लागलेला त्यांना खपत नसे. ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून कॅन्टोन्मेंटात जात. मायदेशी परतणाऱ्या इंग्रज कुटुंबांचं सामान तिथं विकायला निघे. त्यातून ते नेमकी पहिली आवृत्ती हुडकत, तीही लेखकाची सही असलेली. पुण्याच्या लेखकांना पुस्तक टपालानं पाठवून सही मागवत. एकदा मला हात पाठीमागे धरायला लावून त्यांनी एक सही दाखवली. "शाई बघ. त्याच्या स्वतःच्या हातची आहे," असं अगदी हळू म्हणाले, झोपलेलं कुणी उठू नये तसं.

आम्ही राहायचो ते जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं. घराखालच्या तांबड्या मातीत वाळवीच वाळवी. एका पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटाच्या पायावर मातीची बारीक रेघ चढलेली दिसली आणि अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी कारखान्याच्या गोदामातली पांढरी पावडर आणली, नाकाला रुमाल बांधला आणि पानापानांत ती भुरभुरली.

मग कपाटाखाली मेलेल्या पाली सापडू लागल्या. आई त्या मुकाट्यानं केरात टाकी. पुढे शेजारच्या कानडी अक्कांची मांजर, जी कपाटामागे येऊन झोपायची, आमच्या अंगणात तडफडून मेली.

"अहो, ते विष घरात नको," आई म्हणाली.

"किड्यांसाठी आहे ते. माणसाला काय होतंय?"

माझी धाकटी बहीण नुकती वाचायला शिकली होती. त्याच सुमारास तिचं जेवण सुटलं. पेन्सिल धरताना बोटं थरथरायची. भांडं पडलं तरी ती किंचाळायची. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, आईनं दृष्ट काढली. कशानं काही फरक पडेना.

एका दुपारी मी शाळेतून आले तर कपाट उघडं, आणि बहीण जमिनीवर. दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत होते. माझ्या ओरडण्यानं आई झोपेतून उठून आली, पाठोपाठ अक्का धावल्या.

"सरी, सरी, स्वल्प बाजूला व्हा!" कानडी-मराठीत आम्हाला सरकायला सांगत अक्कांनी बहिणीला कुशीवर वळवलं. मग त्या थबकल्या. "हिच्या ओठांवर हे पांढरं काय गं?"

आई दुपारी पडली की बहीण देवघरात ठेवलेली कपाटाची किल्ली काढून रोज वाचत बसायची, हे मागाहून कळलं. इस्पितळात ती शुद्धीवर आली तेव्हा अण्णांनी विचारलं, "पुस्तक कसं वाचायचीस, बाळ?"

तिनं बोट जिभेला लावलं आणि हवेतच एक पान उलटलं.

अण्णा उठून बाहेर गेले. घरी येऊन त्यांनी परसात खड्डा खणला. ती पुस्तकं आता कुणाला देण्यासारखी नव्हती, विकण्यासारखीही नव्हती.

"सह्या तरी कापून ठेवा," आई म्हणाली.

"नको."

बहीण वाचली, शाळेतही जाऊ लागली. पण पुढे कित्येक वर्षं ती बोलता बोलता मध्येच गप्प झाली, की अण्णा हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहायचे. ती पुन्हा बोलेपर्यंत आम्हीही कुणी हलत नसू.