भाऊंची डावी बाजू

"बोलायचं नाय, बगायचं."

गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला भाऊंचा हा नियम लागू होता. चालवणारे एकटे भाऊ, पण रस्त्याकडे बघायचं मात्र सगळ्यांनी. मागच्या सीटवर कुणी मोबाईल काढला की आरशातून त्यांची नजर यायची आणि मोबाईल गुपचूप पर्समध्ये जायचा. एकदा वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, "अहो, गॅस बंद केला ना आपण?" एवढंच विचारलं. भाऊंनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, "केला" म्हणाले आणि मग पुन्हा रस्त्याला लागले.

बोईसरला एकाच मजल्यावर समोरासमोर आमची दारं होती. शिवाय तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही एकाच कारखान्यात; भाऊ मेंटेनन्सला फोरमन, मी लॅबमध्ये. त्यामुळे रोज सकाळी साडेसातला मी त्यांच्या शेजारच्या, डाव्या सीटवर बसलेली असायचे. अशी सहा वर्षं गेली.

ती गाडी तुम्ही रोज कुठे ना कुठे बघता. लांबीला चार मीटरच्या आत बसवलेली, पण चाकं मोठी, बोनेट उंच आणि चेहरा असा की आत्ताच कुठलासा डोंगर उतरून आली असावी. भाऊंच्या गाडीने डोंगर कधी पाहिला नाही. तिने पाहिले ते टँकरांनी पाडलेले खड्डे, भाऊंच्या पाम गावच्या वाडीतले नारळ, चिकूचे क्रेट आणि तांदळाच्या गोणी. माझं कपडे धुवायचं मशीनसुद्धा एकदा मागची सीट पाडून तिनेच आणलं. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याजवळ आलो की भाऊंचा अंगठा न बघता बाहेरची हवा बंद करायच्या बटणावर जायचा. नाला मागे पडला की बटण पुन्हा दाबायचं. दाबून दाबून त्यावरचं चित्र पुसून गेलं होतं.

आठवड्यातून दोनदा ती गाडी भाऊंच्या आईला घेऊन पालघरला जायची, डायलिसिसला. भाऊंनी त्या दिवसांच्या पाळ्या बदलून घेतल्या होत्या. आईला सीट उंच पडायची म्हणून गाडीत एक लाकडी पाट ठेवलेला असे. पाट खाली ठेवायचा, आईने चढायचं, पाट उचलायचा. उतरताना पुन्हा तेच. भाऊ हे इतक्या शांतपणे करायचे की बघणाऱ्याला वाटावं, गाडीत असंच चढतात.

पाचव्या वर्षी गाडीला डाव्या बाजूने ओरखडे पडू लागले.

पहिला आमच्या इमारतीच्या खांबाचा. खांब होताच आडमुठा, कुणाला काही वाटलं नाही. मग डावा आरसा फुटला. मग कारखान्याच्या फाटकाला मागचं दार घासलं. वॉचमन हसत म्हणाला, "भाऊ, लेफ्ट साइड से क्या दुश्मनी है?" भाऊ हसले नाहीत. खाली उतरून त्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि परत येऊन बसले.

कँटीनमध्ये त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप दोनदा सांडला. पेपर मात्र ते चष्म्याशिवाय वाचायचे, बारीक अक्षरातलासुद्धा. म्हणून डोळ्यांचा संशय मला आला नाही.

आणि मग एका सकाळी, टँकरांची रांग चुकवून वळताना, ज्यांनी मला पाच वर्षं बोलू दिलं नव्हतं त्या भाऊंनी विचारलं, "बाय, डावीकडं कोण हाय?"

"सायकलवाला."

"गेला?"

"गेला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आठवडाभरात विचारायची गरज उरली नाही, मीच सांगू लागले. डावीकडे रिक्षा. डावीकडे दोन बायका. डावीकडे कुत्रं, थांबा. कारखान्यात पोहोचून लॅबचा कोट चढवला तरी पहिला अर्धा तास मी डावीकडेच बघत असायचे.

एक दिवस रुमाल शोधायला मी समोरचा कप्पा उघडला आणि थेंबांची बाटली हातात आली. ती बाटली मला अनोळखी नव्हती. माझ्या वडिलांच्या उशाशी अशीच एक वर्षानुवर्षं होती.

"एसीनं डोळे कोरडे होतात," भाऊ म्हणाले.

"भाऊ, हे काचबिंदूचे थेंब आहेत."

कारखाना आला, त्यांनी गाडी लावली, इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात मात्र काढले नाहीत.

"वहिनीला सांगू नको."

"भाऊ, असं कसं?"

"आईला कोण नेणार? तिला रिक्षात बसवत नाय, कंबर धरते. रोज कुणाची गाडी मागू? समोरचं मला चांगलं दिसतं, बाय. बाजूचंच जरा जातं. तू हायस ना बाजूला."

आता तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी खाली उतरून वहिनींना फोन करायला हवा होता. हो, करायला हवा होता. माझ्याकडे गाडीचं लायसन्ससुद्धा होतं. लग्नाआधी काढलेलं, पुढे कधी न वापरलेलं. "उद्यापासून मी चालवते" एवढं तरी मला म्हणता आलं असतं. पण ज्या माणसाने माझ्या घरातला प्रत्येक पंखा दुरुस्त केला होता, त्याच्याकडून किल्ली मागायला माझी जीभ रेटली नाही. आईच्या डायलिसिसच्या दिवशी डाव्या सीटवर मी नसते, हे मला कळत होतं. त्या दिवशी कारखान्यातून आल्यावर, भाऊ घरी परत येईपर्यंत मी खिडकीतून फाटकाकडे बघत बसायचे. गाडी आत आली की कामाला लागायचे.

असे अडीच महिने गेले.

मग मनोरला भाऊंच्या चुलतभावाकडे साखरपुडा निघाला. भाऊ, वहिनी आणि मी निघालो. आईजवळ भाऊंची बहीण थांबली होती. खाली आले तर वहिनी पुढच्या सीटवर बसून पट्टा लावत होत्या. त्या नवऱ्याशेजारी बसणार, यात चुकीचं काय? मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी मान वळवली नाही.

मी मागे, मधोमध, पुढच्या दोन सीटांच्या फटीत तोंड घालून बसले.

"अगं, मागे टेकून बस की," वहिनी म्हणाल्या.

"मला असंच बरं वाटतं."

चिल्हारच्या रस्त्याने आम्ही हायवेकडे निघालो. दुपारचे तीन वाजले असतील. झाडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या, मध्ये मध्ये झगझगीत ऊन. वहिनी साडीच्या निऱ्या सारख्या करत होत्या. त्यांच्या पलीकडचं मला अर्धंच दिसत होतं. समोरून एक टँकर आला, मधोमध, आपल्याच तोऱ्यात. भाऊंनी गाडी डावीकडे घेतली.

डाव्या कडेने एक बाई चालली होती. डोक्यावर लाकडांची मोळी, बोटाला धरलेली सहा-सात वर्षांची मुलगी.

"भाऊ! डावीकडे! ब्रेक!"

मी ओरडले तेव्हा वहिनी दचकून माझ्याकडे वळल्या. गाडी करकचून थांबली, पण त्याआधी खाडकन आवाज झाला. आरसा मोळीच्या खाली झुकलेल्या टोकाला लागला होता. मोळी सुटून लाकडं रस्ताभर विखुरली आणि बाई खाली मातीत गेली. मुलगी होती तिथेच उभी राहिली. रडली नाही, काही नाही. तिचा हात अजून वर होता, आईचं बोट धरल्यासारखा.

त्यानंतर कोण आधी उतरलं ते मला आठवत नाही. वहिनींनी बाईला उठवून बसवलं. तिचं मनगट भराभर सुजत होतं. ती म्हणत होती, "मना काय नाय झाला. पोरीला बगा. पोरीला लागला काय?"

पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, तेव्हा कुठे ती हंबरडा फोडून रडली.

भाऊ लाकडं गोळा करायला लागले. खाली वाकून एकेक उचलायचे आणि डाव्या हातावर रचायचे. वहिनी बाईच्या मनगटावर पाणी ओतत होत्या. ओतता ओतता त्यांचा हात थांबला. भाऊंच्या डाव्या पायाशी तीन लाकडं पडली होती, अगदी चपलेला टेकलेली. भाऊ ती ओलांडून पुढे गेले. परत आले. पुन्हा ओलांडून गेले.

"अहो," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "पायाशी हायत ना."

भाऊंनी उजवीकडे बघितलं.

"डाव्या पायाशी. दिसत नाय तुमाला?"

लाकडं हातावर तशीच धरून भाऊ उभे राहिले. मागून एक टेम्पो हॉर्न देत गेला.

"नाय," ते म्हणाले. "दिसत नाय."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी फटीत तोंड घालून का बसले होते, भाऊंना न दिसलेली बाई मला आधी का दिसली, हे सगळं त्यांना त्या एका क्षणात कळलं असावं. मी मान खाली घातली. भाऊंनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मनोरला घे. दवाखान्यात."

किती वर्षांनी मी स्टिअरिंग धरलं होतं. पहिल्यांदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदाही पडली. मागे वहिनी, बाई आणि मुलगी. भाऊ माझ्या डावीकडे बसले. सवयीने त्यांचा हात पट्ट्यासाठी उजव्या खांद्यावर गेला, तिथे पट्टा नव्हता. थोडा वेळ ते तिथेच चाचपत राहिले.

"माजी लाकडां?" मागून बाईने विचारलं.

मी पुन्हा उतरले, डिकी उघडली, सगळी लाकडं आत रचली. साखरपुड्याला आणलेला पुष्पगुच्छ त्यांच्यावर ठेवला. मग दुसऱ्या गिअरच्या वर न जाता मनोर गाठलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" मी तोंड उघडण्याआधी भाऊ पुढे झाले. "मी ठोकलं. मला डाव्या बाजूचं दिसत नाय. म्हायती असून चालवत होतो." डॉक्टरांचं पेन हवेत थांबलं. भाऊंनी तेच पुन्हा सांगितलं, अधिक स्पष्ट. पोलीस आले तेव्हा तिसऱ्यांदा. शब्द एकही बदलला नाही.

हाड मोडलं नव्हतं. मनगटाला पट्टी बांधून संध्याकाळी आम्ही बाईला तिच्या पाड्यावर सोडलं. तिचा नवरा कामासाठी भिवंडीकडे गेलेला होता. लाकडं उतरवून झाल्यावर तिने आम्हाला पाणी दिलं. भाऊंनी तांब्या हातात घेतला, पण त्यांना पिववेना. बाई म्हणाली, "प्या, दादा. चांगला हाय पाणी."

वहिनी माझ्याशी पाच महिने बोलल्या नाहीत. समोरासमोरच्या दारांत पाच महिने म्हणजे काय ते शेजार असलेल्यांना कळेल. त्या काळात भाऊंच्या आईला, आजींना, पाळी बदलून पालघरला मी न्यायचे; वहिनी मागे बसायच्या, आजींचा हात धरून. आरशात आमची नजर भिडायची आणि त्या बाहेर बघायच्या. मधल्या वेळात त्यांनी ड्रायव्हिंगची शिकवणी लावली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. ज्या दिवशी लायसन्स आलं त्या दिवशी माझ्या दारात येऊन त्या म्हणाल्या, "उद्या मी नेते आईना. तू ये पण. मला पालघरच्या पुलावर भीती वाटते." मी "येते" म्हणाले. दार लावलं आणि दाराला टेकून रडले.

आजी आणखी दोन वर्षं जगल्या. त्या गेल्यावर भाऊंनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि दोघं पामच्या वाडीत राहायला गेली. समोरच्या दारात आता दुसरं कुटुंब आहे. मी कंपनीच्या बसने जाते.

गेल्या महिन्यात पामला गेले होते. वहिनी बाजाराला गेल्या होत्या. भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आता समोरचंही फारसं दिसत नाही, पण माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखलं. चहा झाल्यावर मनात साठलेलं मी बोलून टाकलं.

"भाऊ, मी तेव्हाच वहिनींना सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी बोललो नसतो."

"आणि मग?"

"मग काय?" ते म्हणाले. "नसतो बोललो. तेवढंच."

वाडीबाहेर गाडीचा आवाज आला. भाऊ उठले आणि कुंपणाची तार चाचपत जाऊन त्यांनी फाटक उघडलं. मग मागे सरत सरत एका माडाला पाठ लावून, पाय जुळवून उभे राहिले. वहिनींनी गाडी आत घेतली, एकदा मागे, एकदा पुढे, आणि सरळ लावली. इंजिन पुरतं बंद होईपर्यंत भाऊ हलले नाहीत. मग त्यांनी हात पुढे केला आणि वहिनींनी त्या हातात भाजीची पिशवी दिली.