लानयिंगताईंचं कौतुकाचं मशीन

ऐंशी सालानंतर चीनमधल्या चांग्शाच्या आमच्या कॉलेजातून जो तो अमेरिकेला शिकायला निघाला होता. प्रत्येकाचं शिफारसपत्र लानयिंगताई टाइप करायच्या आणि शेजारच्या टेबलावरून मी त्यावर विभागाचा लाल शिक्का मारायचे. त्यामुळे ताईंच्या पापात माझाही वाटा आहे.

पाप असं. आमचे क्वांग सर जुन्या वळणाचे. आपल्या विद्यार्थ्याचं कौतुक म्हणजे स्वतःचीच पाठ थोपटणं, असं त्यांना वाटे. ते लिहायचे, 'मुलगा साधारण बुद्धीचा आहे. चुका करतो, पण सुधारतो. तब्येत बरी असते.' पहिल्या वर्षी अशी सहा पत्रं गेली, सहाही जणांना नकार आला. अमेरिकेतल्या लोकांनी ते चक्क खरं मानलं हो!

तेव्हापासून ताई टाइप करताना परस्पर बदल करू लागल्या. 'वीस वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही,' हे त्यांचं लाडकं वाक्य.

"ताई, सरांनी वाचलं तर?"

"सर सही करताना चहा प्यायच्या बरणीत बघतात. तू शिक्का मार गुपचूप."

ताईंना इंग्रजी आणि टायपिंग शिकवलं होतं मिशनच्या शाळेतल्या एका अमेरिकन बाईंनी. त्या उठसूट "फार छान!" म्हणायच्या. छोट्या लानयिंगला वाटायचं, बाई थापा मारतात. पुढे सांस्कृतिक क्रांतीत दिवस फिरले आणि अमेरिकन बाईंच्या त्याच शिकवणीपायी ताईंना सात वर्षं संडास धुवावे लागले. धुताना ते "फार छान"च आठवायचं, असं एकदा त्यांनी मला सांगितलं.

मग त्यांच्याच लेकीची पाळी आली. निंग अख्ख्या विभागात हुशार. शिष्यवृत्तीची जागा एकच, आणि पत्र त्याच दिवशी टपालात पडायला हवं होतं. सरांनी लिहून दिलं, 'मुलगी बरी आहे. उच्चार सुधारायला हवेत.'

दुपार झाली तरी मशीन गप्पच.

"ताई, घाला की तुमचं वीस वर्षांचं वाक्य!"

"स्वतःच्या पोरीबद्दल? लाज नाही वाटणार?"

"परवा त्या ढिम्म फंगला विद्वान केलंत ते?"

"तो परक्याचा पोरगा."

निंग दारातून म्हणाली, "आई, निदान ते उच्चारांचं तरी काढ ना."

"का? नकोत का सुधारायला?"

ताईंनी जसंच्या तसं टाइप केलं. वर पदरचं घातलं, 'स्वभाव हट्टी.' मी कपाळाला हात लावला.

सर सहीला आले. या वेळी मात्र त्यांनी बरणी बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि पत्र वाचलं. मग सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'हे पत्र मुलीच्या आईने टाइप केलं आहे, म्हणून यात कौतुक नाही. आधीच्या माझ्या सगळ्या पत्रांतलं कौतुक एकत्र करा, तेवढी ही हुशार आहे. हट्टी आहे, हे मात्र खरं.'

ताई पांढऱ्याफटक पडल्या. "सर, तुम्ही... आधीचीही वाचत होतात?"

"मला जे लिहायला जमत नव्हतं, ते कुणीतरी लिहीत होतं. वाचणार नाही तर काय?"

जागा निंगला मिळाली. ऑगस्टमध्ये स्टेशनवर ताईंनी तिच्या हातात मुळ्याच्या लोणच्याची बरणी कोंबली, कॉलर नीट केली, पोक काढून उभी राहते म्हणून दटावलं. गाडी हलली, लांब गेली, शेवटचा डबाही दिसेनासा झाला. तेव्हा कुठे ताईंच्या तोंडून निघालं, "फार छान गं. फार छान."

"आता कुणाला सांगताय, ताई?" मी म्हटलं. "गाडी गेली."