छतावर जागा एकाचीच: मिहान, कन्हान, कोराडी एका स्कुटीवर

जायचं ठरलं ते आंघोळीच्या पाण्यावरून. यांना जाऊन जानेवारीत वर्ष होईल. त्यासाठी पंधरा माणसं मुक्कामाला येणार, दिवस थंडीचे, आणि बंब पेटवणारे तर हेच होते. पेटवून झाला की "पाणी झालं" एवढंच म्हणायचे. नोकरी सगळी कोराडीच्या वीज केंद्रात गेली, तरी घरात गिझर लावू दिला नाही. किती कोळसा जळतो ते मी पाहतो, म्हणायचे. सोलर घ्यायचं मनात होतं. पण आमच्या छतावर कडुनिंबाची सावली, ऊन फक्त एका कोपऱ्यात. विजेची पॅनेल तरी बसतील, नाहीतर पाणी तापवायचा हीटर. ते काही ठरवेनात, आणि मी मध्ये बोलणारी नाही.

माझी नणंद लता म्हणाली, पॅनेल, नळ्यांचा हीटर, पत्र्याचा हीटर, असे तिन्ही प्रकार ज्यांच्याकडे आहेत त्यांचीच घरं पाहून येऊ. रविवारी सकाळी सातला मानकापूरहून तिच्या स्कुटीवर निघालो. दोघी साठीच्या आसपास. वर्धा रोडवर तिनं वेग घेतला आणि मला हसू फुटलं. दहा महिन्यांत पहिल्यांदाच. थांबेचना.

मिहानजवळ लताच्या मैत्रिणीच्या छतावर पॅनेल आहेत. दिवसा उरलेली वीज तारेत जाते आणि बिलातून वजा होते. मला वाटायचं मे महिन्यात ती सर्वांत जोरात चालत असतील. पण फार तापली की थोडी मंदावतात म्हणे. "आपल्यासारखीच," लता म्हणाली. परत हसू.

कामठी रोडला समोसा-तर्री खाल्ली, दोघींचे साठ रुपये. कामठीनंतर ट्रक फार, नाकाला रुमाल बांधाच. कन्हानला लताच्या ओळखीच्या एका मास्तरांकडे काचेच्या नळ्यांचा हीटर आहे. स्वस्त, कोवळ्या उन्हातही लवकर तापतो. मात्र बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर धरतो, आणि एक नळी फुटलेली होती.

"माकडानं फोडली," मास्तर म्हणाले. "थंडीत त्यालेही आंघोळ करायची असन."

उन्हाळ्यात तिथं नळाचंच पाणी चटका देतं, म्हणून नळ्यांवर चादर टाकून ठेवतात.

तिथून खापरखेड्यावरून कोराडी. रस्ता खराब, पण आम्ही गाणी म्हणत गेलो. यांच्यासोबत वीज केंद्रात काम केलेल्या एकांच्या पत्नी शकुंतलाबाई, त्यांच्या घरी पत्र्याचा हीटर: काळ्या पत्र्यावर तांब्याच्या नळ्या, वर जाड काच. महाग, पण दणकट. फक्त वीज केंद्राच्या चिमणीची राख काचेवर बसते, ती पुसावी लागते. मी नळाखाली हात धरला तशा त्या थबकल्या.

"तुमचे साहेब तीनदा येऊन असाच हात धरून गेले. दरवेळी म्हणत, घरी विचारून सांगतो. मंग विचारलं नाही काय तुमाले?"

मी पाण्यातला हात काढला नाही. मी त्यांच्या ठरवण्याची वाट पाहत होते आणि ते माझ्या हो म्हणण्याची.

"आत्ता विचारलं त्यायनं," मी म्हणाले. "माझं हो हाय."

परतताना अर्ध्या वाटेवर लता म्हणाली, "तो बोलला नाही, तू बोलली नाही. तुमचं लगन कोणी जमवलं वं वहिनी?" तिला स्कुटी कडेला घ्यावी लागली. आम्ही दोघी ट्रकांच्या धुळीत उभ्या राहून हसलो, डोळे पुसले, परत हसलो.

दिवसभरात दोनशेचं पेट्रोल लागलं. मोठं छत असेल तर पॅनेल घ्या, हात आखडता असेल आणि पाणी गोडं असेल तर नळ्या. आम्ही पत्र्याचा घेतला, तीनशे लिटरचा. माणशी एक बादली धरली तर पंधरा जणांना पुरेल.

बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळ उघडला. हात भाजला. घरात कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणाले, "पाणी झालं."