सिद्धू रेषेच्या बाहेरच उभा होता

गेल्या वर्षी आजच्या दिवशी सिद्धूला मी मारलं.

अपघात म्हणू नका. खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. आधी पूर्ण वाचा, मग ज्या शिव्या द्यायच्या त्या द्या.

सिद्धार्थ. पुंडलिकनगरचा गॅरेजवाला आमचा सिद्धू. आम्ही एकाच संघातून कबड्डी खेळलो. त्याचा गुडघा गेला, कबड्डी सुटली आणि गाडीचं खूळ डोक्यात शिरलं. भंगारातून एक जुनी कार उचलली, मागच्या चाकांवर पळणारी. ती आडवी घसरवत वळणातून काढायची. त्याचं बघून मीही तशीच एक घेतली.

ड्रिफ्टिंग.

माझ्यासाठी ती मस्ती होती. आठवडाभर ज्याला ज्याला ठोकून काढावंसं वाटायचं, ते सगळं मी त्या स्टेअरिंगवर काढायचो.

सिद्धूसाठी तो खेळ होता. एकदा मी म्हटलं, टायर जाळण्यात कसला आलाय खेळ? त्याने सरळ माझी कॉलर धरली.

"ज्यात आउट होता येतं त्यो खेळ, आमल्या. बाकी समदा माज."

खुलताबाद रोडला आमचा मुरमाचा प्लॉट आहे. तिथे त्याने कबड्डीसारखी चुन्याच्या फक्कीची रेषा मारली. चाक रेषेबाहेर गेलं की फेरी बाद. माणूस रेषेच्या आत आला की गाडी बंद.

बघायला येणारी पोरं मोबाइल घेऊन पुढे पुढे घुसायची. सिद्धू तोंडात शिट्टी धरून त्यांना मागे ढकलायचा. एकदोघांना त्याने फटकेही दिले होते.

तो गेला त्या रविवारी आमचं ड्रिफ्टिंग बघायला बाहेरून पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मी टँकर बोलावला. सिद्धूने फोनवर बजावलं होतं, पाणी फक्त गाड्या लावायच्या बाजूला मार, वळणावर थेंबही नको.

मी वळणावरही मारलं.

कबड्डीच्या मैदानाला आम्ही आदल्या दिवशी पाणी मारायचो. माती बसते, धूळ उडत नाही. मला वाटलं, याला काय कळतंय. शिवाय धुळीत माझी गाडी व्हिडिओत दिसत नव्हती.

त्याला सांगितलं नाही.

सकाळी वरून मुरूम वाळलेला होता. खाली लोणी.

मी हँडब्रेक ओढला. गाडी आडवी झाली आणि तशीच जात राहिली. स्टेअरिंग फिरवलं, काही नाही. फक्की ओलांडली.

सिद्धू रेषेच्या बाहेर होता. चांगला दहा-बारा पावलं बाहेर. पोरांना मागे ढकलत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती.

पोरं वाचली. तो गाडी आणि प्लॉटच्या कडेच्या दगडांच्या ढिगाच्या मध्ये सापडला.

कमरेखाली काही उरलं नव्हतं. शिट्टी तोंडातच होती. श्वास सोडला की वाजायची. चार-पाच वेळा वाजली.

त्याच्या भावाने पान्याने माझी काच फोडली, मला बाहेर ओढलं आणि तोच पाना तोंडावर हाणला. दोन दात गेले. अजून मारायला हवं होतं. लोकांनी सोडवलं, याचा मला आजही राग येतो.

मग घरच्यांनी पढवलं तसा मी जबाब दिला. सिद्धू अचानक रेषेच्या आत आला, मला ब्रेक मारायला वेळच मिळाला नाही. इथे फेसबुकवरही तेच लिहिलं. पळापळीत बहुतेकांना नीट दिसलं नव्हतं. जे बोलू शकत होते ते आमच्या घराला घाबरून गप्प बसले.

त्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंत, "बिचारा, पण स्वतःचीच चूक." त्या प्रत्येक कमेंटला मी लाइक दिलाय. हलकट माणूस आहे मी.

आज सकाळी त्याच्या घरी पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. मी दाराबाहेर उभा होतो. मावशींनी, म्हणजे सिद्धूच्या आईने, आत बोलावलं.

आत त्यांचा कुणी पाहुणा बोलत होता. शिकलेलं पोरगं, चालत्या गाडीपुढं जातंय, ह्याला काय खेळ म्हणायचा का? मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांना ते खरं वाटत होतं.

मला ते सहन झालं नाही. मी सगळ्यांसमोर बोललो. पाणी, रेषा, जबाब, सगळं.

भाऊ उठला. मला वाटलं, आता सुटलो, हा मला तुडवणार. मावशींनी त्याला हाताने खाली बसवलं.

"वरीसभर मी फोटोपुढं मेणबत्ती लावली अन् त्याला शिव्या दिल्या, अमोल. कशाला गेलास गाडीपुढं म्हणून. रोज भांडले माझ्या लेकराशी."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"जिथं खोटं लिवलंस तिथं आधी खरं लिव. मग ठाण्यात जा. त्याच्यानंतर तुला मी काय बोलायचं, ते माझं मी बघते."

लिहिलंय, मावशी.

बाईक चालू आहे. ठाण्यातच चाललोय.

सिद्धू, आज तरी माझी श्रद्धांजली घेऊ नकोस. आईची घे. ती आता तुझ्याशी भांडणार नाही.