मागायला शिकलेला रे

"रे गेला रे…" ऑफिसात बायकोचा, मीनलचा फोन आला. शेजाऱ्याचं नाव आणि नवऱ्याला मारायची हाक एकच असली की असं व्हायचंच. फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या या घरात आम्ही राहायला आलो ते दोन हजार एक साली. पहिल्याच आठवड्यात मीनलनं मागच्या अंगणातून मला "ऐक ना रे!" म्हणून हाक मारली, तर भिंतीवरून एक आडदांड माणूस डोकावला आणि अदबीनं म्हणाला, "मला बोलावलंत?" हा रे. बरीच वर्षं बेसबॉल खेळून नुकताच निवृत्त झालेला, गुडघे कामातून गेलेला, एकटा. मी पडलो क्रिकेटवाला. "तुमचे सगळेच फुलटॉस, त्यात काय मोठंसं!" असं मी त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं मला अंगणात उभं केलं आणि एक चेंडू टाकला. तो मला दिसलाच नाही. त्यानंतर त्या विषयावर मी तोंड उघडलं नाही.

रे वाढला तो पूर्वेकडच्या डोंगरात, तांब्याच्या खाणीच्या गावात. खाण बंद पडली आणि गावाची रयाच गेली. दुकानांना फळ्या ठोकलेल्या, तरुण पोटापाण्यासाठी पांगलेले. लहानपणी त्याचा पहिला ग्लव्ह खाणकामगारांनी वर्गणी काढून घेतला होता, हे तो दर भेटीत सांगायचा. त्या गावाला काहीतरी परत करायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. त्यानं फिनिक्सहून कंत्राटदार नेला आणि गावाचं उजाड झालेलं मैदान नव्यानं बांधून दिलं. हिरवंगार गवत, बाकं, जाळी, सगळं. उद्घाटनाला लोक आले, टाळ्या वाजवल्या, थँक यू म्हणाले आणि घरी गेले. पुढच्या खेपेला रे गेला तर फाटकाला कुलूप. खेळायला कुणी फिरकलंच नव्हतं.

तो तडक आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. "माझं काय चुकलं? ते माझे लोक आहेत…" तो म्हणाला. एवढा दांडगा माणूस, पण त्या दिवशी अगदी पोरका दिसत होता. मीनलच्या हातात त्यानंच आणलेला आमचा डबा होता. घासूनपुसून लख्ख, आणि नेहमीप्रमाणे रिकामा. भरल्या वांग्यांचा डबा जायचा आणि मोकळा परत यायचा, याचा तिला कितीतरी दिवसांचा राग होता.

"रे, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चमचाभर साखर तरी घालतात," ती म्हणाली.

तो ओशाळला. "मला काही करता येत नाही. काय घालू त्यात?"

"तेच झालंय तुझ्या गावाचं! एवढा मोठा डबा पाठवलास, ते परत काय घालणार? म्हणून हातच लावत नाहीत."

"मग काय करू?"

"माग की काहीतरी त्यांच्याकडे."

खरं सांगायचं तर मीनलनं डब्याचा राग काढला होता, शहाणपण त्याला आपोआप चिकटलं. पण रेला ते लागलं. कारण मागणं त्याच्या रक्तातच नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढेल, पण हात धरू देणार नाही, अशातला तो. बरेच दिवस कुढला आणि मग गेला. गावात हेक्टर नावाचा म्हातारा खाणकामगार होता, मैदानावरून सगळ्यात जास्त फुगून बसलेला. त्याला रे म्हणाला, "मला मैदान राखता येत नाही. शिकवशील?" हेक्टरनं त्याला थोडा वेळ दंताळं चालवताना बघितलं, "सगळं उलटं करतोयस" म्हणाला आणि दंताळं हिसकावून घेतलं. झालं! दुसऱ्या दिवशी आणखी म्हातारे आले, शनिवारी त्यांच्या बायका मक्याच्या पानात उकडलेले तमाले घेऊन आल्या आणि मैदान नांदायला लागलं. तेव्हापासून आमचा डबाही भरून यायला लागला. एकदा त्यात डुकराचं मांस निघालं. मीनल कट्टर शाकाहारी, पण डबा भरून आला यातच बाईसाहेब खूश.

गेल्या वर्षी रेला कॅन्सर निघाला. मग त्या गावातून पाळीपाळीनं माणसं येऊ लागली. पिकअपमधून डोंगर उतरून यायची, त्याला अंघोळ घालायची, रात्री उशाशी बसायची. रेला फार लाज वाटायची. "मी आता यांना काय देणार?" त्यानं मला विचारलं. "गप पड रे," मी मराठीतच म्हणालो आणि त्याला कळलं. तो हसला… त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. सख्खा भाऊ गेल्यावर वाटावं तसं मला वाटतंय, आणि हे लिहितानाही ते कमी झालेलं नाही.

आता त्याच्या घरापुढे विक्रीची पाटी आहे. परवा शनिवारी सकाळी त्याच्या मागच्या अंगणात पाण्याचा आवाज आला म्हणून मी भिंतीवरून डोकावलो. हेक्टर लिंबाच्या झाडाला पाणी घालत होता. एवढ्या लांबून, एका झाडासाठी! मी म्हटलं, "हेक्टर, कशाला त्रास घेता? मी शेजारीच आहे. घर विकलं जाईपर्यंत मी घालीन पाणी."

म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"त्यानं तुमच्याकडे नाही मागितलं," तो म्हणाला. "माझ्याकडे मागितलं." आणि मी काढून घेईन की काय अशा धास्तीनं त्यानं पाइप दुसऱ्या हातात घेतला.