आडनावासकट घर

"मॅडम, घरमालकाले फक्त डॉक्टर मॅडम सांगजा. आडनाव काऊन सांगाले लागते?"

मोठे सर हे बोलले तेव्हा त्यांच्या हातात मीच केलेला कागद होता. वर्ध्यातलं खासगी हॉस्पिटल सोडून आम्ही चौघं डॉक्टर हैदराबादच्या एका हॉस्पिटलात नोकरीला निघालो होतो. सर सर्जन, मी भूलतज्ज्ञ. इथल्यापेक्षा तिथे राहणं परवडतं का याची माहिती काढायचं काम माझ्या गळ्यात मारलं होतं. मी दोन रविवार घालवून काढली. घरभाडं, वीज, मुलांची शाळा. गाडी नेली तर तिथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. प्रोफेशनल टॅक्स इथेही कापतात, तिथेही कापतात. इन्कम टॅक्स तर देशभर एकच.

घर मात्र सरांच्या नातेवाईकाचं. चार फ्लॅट, स्वस्तात. अट एकच, माणसं "चांगल्या घरची" हवीत.

"नाईतर तुम्ही होस्टेलले राहा," सर हसत म्हणाले. "तसंही तुमच्या लोकाईले टॅक्स माफच असन ना?"

बाकीचे दोघेही हसले. एमडी झालेली माणसं! माझ्या पगारातूनही दर महिन्याला टॅक्स कापतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. जिभेला खाज होती, दुसरं काय.

संताप आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटली, आणि ती माझीच. आडनाव लपवणं मला सरांनी शिकवलं नव्हतं. मेडिकलला असतानाच मी ते गाळलं होतं. हॉस्पिटलातल्या माझ्या खोलीच्या पाटीवरही डॉक्टर आणि पहिलं नाव, एवढंच. मागे आई नाचणगावहून बीपी दाखवायला आली होती. तिने एकेक अक्षर लावत पाटी वाचली.

"बाई, आपलं आडनाव कुठी गेलं?"

"पाटी लहान होती," मी म्हणाले. दुसऱ्यांच्या शेतात निंदण करून जिने मला शिकवलं, तिच्याशी मी खोटं बोलले.

सरांनी फोन लावला, स्पीकरवर. घरमालक एकेकाचं नाव विचारत गेला. माझी पाळी आली. मी पुढे वाकून सांगितलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सावकाश.

घरमालकाने ते आडनाव पुन्हा एकदा उच्चारून पाहिलं. मग, "चौथा फ्लॅट तर देऊन झाला जी."

फोन ठेवून सर उसळले. "सगळा खेळ बिघडवला तुम्ही!"

"सर, मी टॅक्सही भरते अन् आडनावही लावते. दोन्ही चोरणार नाई."

हैदराबादची नोकरी मी सोडलेली नाही. ती मला माझ्या कामावर मिळाली आहे, यांच्या मेहेरबानीवर नाही. पुढच्या महिन्यात जाते आहे, एकटी. घर मीच शोधेन. आधी पूर्ण नाव, मग भाड्याचं बोलणं. दहा जण नाही म्हणतील. अकराव्या दारातही मी तेच नाव सांगेन, आवाज खाली न आणता.