पहिली चक्कर

आमच्या समोर राहणारे काका साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. बोलणं अगदी मोजकं. यंत्राचा आवाज ऐकताना मात्र डोळे मिटून घेतात.

माझी जुनी मोटारसायकल चेनवर नाही, शाफ्टवर, म्हणजे फिरत्या लोखंडी दांड्यावर चालते. तिचा मागचा टायर बदलायला राहुरीत कुणी तयार होईना. दुसऱ्या दिवशी मुलीला परीक्षेसाठी नगरला न्यायचं होतं. शेवटी काकांना बोलावलं आणि आम्ही दोघांनी अंगणातच चाक उतरवलं. दुपारपर्यंत नवा टायर चढवून ते परत बसवलं. काकांनी चाक हातानं फिरवलं आणि डोळे मिटले.

"खोल परत."

"काका, मला तर काहीच ऐकू येत नाही."

"मला येतंय. खोल."

एक्सलवरचा छोटा बुश, म्हणजे धातूची नळी, मी उलटा घातला होता. तसाच निघालो असतो तर चाक वाटेत तापून जाम झालं असतं. बुश सरळ करून नट आवळले आणि मी गाडीची किल्ली उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"पयली चक्कर मी मारनार."

"अहो, मी जातो ना एकटा."

"तुला लेकरू हाय."

सत्तरीचा माणूस ती जड गाडी घेऊन धरणाच्या रस्त्याला लागला. मी फाटकात उभा होतो. उसाच्या ट्रकचा हॉर्न वाजला की रस्त्यावर येऊन लांबवर बघायचो.

वीस मिनिटांनी ते परतले. उतरून चाकाच्या मध्यावर तळहात टेकवला.

"गरम न्हाई, म्हंजी बुश नीट बसलाय. जा उद्या बिनघोर."

किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही, सीटवर ठेवली. त्यांचा हात थरथरत होता.